एका एल्कसाठी दोन रायफली कशाला?

परवाना एका एल्कचा, हंगाम वर्षातून मोजक्या दिवसांचा, मग खास घडवून घेतलेल्या आणि मापाने अगदी सारख्या अशा दोन रायफली कशासाठी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना मुळात शिकारच कायदेशीर असू शकते याचे आश्चर्य वाटते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या पिढ्यांच्या दृष्टीने शिकार म्हणजे गुन्हाच. अमेरिकेत कोलोरॅडोतले माझे शिकारी मित्र वेगळ्या अर्थाने विचारतात. दुसऱ्या रायफलीवर घातलेला पैसा पहिलीच्या दुर्बिणीवर घालायला हवा होता, असे त्यांचे मत आहे. तुम्ही सर्वांनी विचारलेत म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो आहे. थोडक्यात सांगायचे तर शिकारीच्या रायफलीवर नेमबाजी शिकता येत नाही, आणि शिकल्याशिवाय ती रायफल जनावरावर रोखण्याचा अधिकार माणसाला नाही, असे मी मानतो.

आधी जनावराविषयी सांगायला हवे. एल्क हे हरणाच्याच कुळातले, पण पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यापेक्षा कोलोरॅडोत एल्क जास्त आहेत. त्यांची संख्या अडीच लाखांहून अधिक आहे. मी जातो तो व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनाचा भाग समुद्रसपाटीपासून ३००० मीटरच्या आसपास आहे. ऑक्टोबरमध्ये हे कळप दिवसभर घनदाट सूचिपर्णी झाडीत बसून राहतात आणि उजाडताना किंवा मावळताना थोडा वेळ मोकळ्या उतारांवर चरायला येतात. आपण दरीच्या एका अंगाला, ते दुसऱ्या अंगाला, मधे आडोसा नाही आणि वारा त्यांच्या दिशेने वाहणारा, अशी परिस्थिती वारंवार येते. जवळ जाणे शक्य असेल तेव्हा जवळच जावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ३०० ते ४०० यार्डांवरून गोळी झाडण्याची तयारी नसलेल्या शिकाऱ्याला या प्रदेशात पुष्कळदा हात हलवत परतावे लागते.

माझ्यापुरती लांब पल्ल्याची शेवटची हद्द ५०० यार्ड, म्हणजे सुमारे ४५७ मीटर आहे, आणि तीही वारा शांत व बैठक भक्कम असेल तरच. या अंतरावर माझ्या काडतुसाची गोळी पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात चालता एल्क एक पाऊल पुढे गेलेला असतो, आणि फुप्फुसांवर धरलेला नेम पोटात लागतो. रायफल कितीही अचूक असली तरी हे टाळणे तिच्या हातात नाही. कोलोरॅडोचा कायदा एल्कसाठी किमान ६ मिलिमीटर व्यासाची आणि ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम) वजनाची गोळी, तसेच १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा मागतो. जुने शिकारी गोळी जिथे लागेल तिथेच १५०० फूट-पाउंड असावेत असे म्हणतात, आणि मी त्यांचेच ऐकतो.

एवढी ऊर्जा हवी म्हटल्यावर मॅग्नम, म्हणजे जास्त दारू भरलेले जोरकस काडतूस ओघाने येते. मी .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम निवडले. हे काडतूस २००१ मध्ये आले. याहून नवी, वाऱ्यात अधिक स्थिर राहणाऱ्या लांब गोळ्यांची काडतुसे आज मिळतात आणि मित्र मला त्यांची नावे ऐकवतात. माझी निवड मात्र दुसऱ्या, म्हणजे सरावाच्या रायफलीकडे पाहून झाली होती. हे काडतूस आखूड असल्यामुळे शॉर्ट ॲक्शनमध्ये, म्हणजे काडतूस भरून झाडणाऱ्या आखूड यंत्रणेत बसते, आणि १९५२ पासून वापरात असलेले .३०८ विंचेस्टरही तशाच ॲक्शनमध्ये बसते. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच आहे. त्यामुळे एकाच कारखान्याच्या दोन सारख्या ॲक्शन, एकाच जाडीच्या २४ इंची पोलादी नळ्या, एकाच साच्यातले दोन दस्ते आणि एकाच प्रतीच्या दोन दुर्बिणी घेता आल्या. आवाज दाबणारा सप्रेसरही एकच पुरतो. तो एकीवरून काढून दुसरीवर चढवता येतो आणि नळीच्या टोकाचे वजन दोन्हीकडे सारखे राहते. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा, मागे ओढण्याचे अंतरही सारखेच आहे. लांब ॲक्शनच्या रायफलीला आखूड ॲक्शनची जोड दिली, तर घाईच्या दुसऱ्या गोळीच्या वेळी हात सवयीच्या अंतरावर थांबतो, बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रिकामे कवच आतच अडकते. ज्या सवयीवर ऐन वेळी विसंबायचे तीच चुकीची लावून घेणे मला मान्य नव्हते.

रायफल घडवून घेणे म्हणजे नक्षीकाम करून घेणे, असा काहींचा समज असतो. माझ्या दोन्ही रायफलींवर नक्षी नाही. कारागिराचे खरे काम नजरेआड असते. चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती पोकळी, नळीच्या छिद्राशी अगदी एकाक्ष कापणे, बोल्टच्या तोंडापासून काडतुसाच्या टेकण्यापर्यंतचे अंतर काटेकोर राखणे, आणि ॲक्शन दस्त्यात कुठेही ताण न येता पूर्ण टेकेल असे तिला बसवणे, या तीन गोष्टींत रायफलीची अचूकता ठरते. दस्त्याची लांबी माझ्या हाताप्रमाणे घेतली, तीही हिवाळी जाकीट अंगात असताना मोजून. गाल टेकण्याची उंची अशी ठेवली की डोळे मिटून रायफल खांद्याला लावली आणि डोळे उघडले तर दुर्बिणीतले दृश्य पूर्ण गोल दिसावे. चाप दोन्हीकडे अडीच पाउंडांवर सुटतो. थंडीत बधिर झालेल्या बोटाला याहून हलका चाप कळत नाही आणि जड चाप नेम हलवतो. हे सगळे माप एका रायफलीवर बसवून घेतले आणि मग दुसरीवर जसेच्या तसे उतरवले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. .३०८च्या काडतुसात साधारण ४५ ग्रेन दारू असते आणि .३०० शॉर्ट मॅग्नममध्ये सुमारे ६५ ग्रेन. नळीचे छिद्र तेवढेच आणि त्यातून जाणारा जळता वायू जवळपास दीडपट, त्यामुळे चेंबरच्या पुढचा नळीचा गळा फार लवकर झिजतो. मॅग्नमची नळी हजार ते दोन हजार गोळ्यांत उत्तम अचूकता गमावू लागते; .३०८ची नळी चार-पाच हजार गोळ्या सहज टिकते. मनापासून सराव करणारा माणूस दोन-तीन वर्षांत मॅग्नमची नळी संपवील आणि ज्या अचूकतेसाठी पैसे मोजले तीच सरावात खर्च होईल. काडतुसांच्या किमतीतही मोठी तफावत आहे. पण माझ्या लेखी सर्वांत मोठे कारण धक्क्याचे आहे. चार किलोंच्या रायफलीतून मॅग्नम झाडली की खांद्याला बसणारा धक्का शरीर लक्षात ठेवते. दहा-पंधरा गोळ्यांनंतर चाप ओढण्याच्या क्षणी डोळा आपोआप मिटू लागतो, खांदा पुढे रेटला जातो, आणि हे घडते आहे हे झाडणाऱ्याला कळतही नाही. त्यानंतरची प्रत्येक गोळी म्हणजे वाईट सवयीचा सराव असतो. .३०८चा धक्काही जाणवतो, पण त्यात नेम राखून लांबलचक सराव करता येतो.

यावर काहीजण विचारतात की सरावालाच रायफल हवी तर जाड नळीची, सहा-सात किलोंची स्पर्धेची रायफल का नाही. ती बाकावर ठेवली की हलत नाही, गोळ्या एकावर एक पडतात आणि मन सुखावते. माझा आक्षेप नेमका यावरच आहे. जड रायफल श्वासाचा, नाडीचा आणि चाप वाकडा ओढण्याचा दोष झाकते. हलकी रायफल तो दोष लक्ष्यावर छापून दाखवते. डोंगरात ३००० मीटर उंचीवर खांद्यावर वाहायची आहे ती हलकी रायफल, म्हणून सरावही तेवढ्याच हलक्या रायफलीवर व्हायला हवा. पातळ नळी तीन-चार गोळ्यांत तापते आणि मग थांबावे लागते. हे थांबणेही मला उपयोगी वाटते, कारण शिकारीत मोलाची असते ती थंड नळीतून सुटणारी पहिली गोळी, आणि तिचा सराव थांबून थांबूनच करावा लागतो.

लहान काडतुसाचे महत्त्व मी नाकारत नाही. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या .२२ रायफलीवर मला पालथे पडून नेम धरायला शिकवले गेले, आणि कोपर कुठे टेकवायचे हे शरीराने तेव्हा जे शिकून घेतले ते आजही कामी येते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले आणि त्याच जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते दोघेही .२२च्याच ५० मीटर प्रकारात. काडतुसाविना रिकामा चाप ओढून नेम स्थिर राहतो का ते पाहण्याचा सराव अशा खेळाडूंच्या रोजच्या शिस्तीचा भाग असतो, आणि तो मीही घरात भिंतीवरच्या ठिपक्यावर करतो. मात्र .२२ची गोळी वाऱ्याचे आणि दूरच्या उताराचे गणित मोठ्या काडतुसासारखे शिकवू शकत नाही. त्यासाठी मोकळे मैदान आणि ४०० यार्डांपर्यंत पोहोचणारी गोळी लागते.

हे मैदान मला ईशान्य कोलोरॅडोतल्या पॉनी नॅशनल ग्रासलँडमधल्या राखीव नेमबाजी क्षेत्रात मिळते. तिथे वारा क्वचितच थांबतो. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ५०० यार्डांवर .३०८ची गोळी सुमारे अर्धा मीटर सरकते, मॅग्नमची त्याहून कमी. एल्कच्या हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम ३५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तरी .३०८ची गोळी त्या भागाच्या बाहेर जाते. .३०८ वाऱ्यात अधिक सरकते म्हणूनच ती चांगली शिक्षक आहे. तिच्यावर गवताचे झुकणे आणि दुर्बिणीत दिसणारी हवेची लहर वाचायला शिकलेल्या माणसाला मॅग्नम हाती घेतल्यावर थोडी सवलतच मिळते. सराव मी बाकावरून करत नाही. बसून काठ्यांच्या आधाराने, गुडघा टेकून पाठपिशवीवरून, थोडे धावून आल्यावर धाप लागलेली असताना, अशा बैठकींत मी ३० सेंटिमीटरच्या पोलादी थाळीवर गोळी झाडतो. ज्या बैठकीत, ज्या अंतरावर पहिली गोळी दहापैकी नऊ वेळा थाळीवर वाजते, ते त्या बैठकीपुरते माझे त्या वर्षीचे अंतर. बसून ते नेहमीच पालथे पडून असते त्याहून बरेच कमी भरते. दर सत्राच्या शेवटी मॅग्नमच्या दोन-तीन गोळ्या झाडतो, तेवढ्यावरून हात तिलाही ओळखतो.

दोन रायफली इतक्या सारख्या करण्यात एक खरा धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. .३०८चे काडतूस लांबीला आणि जाडीला .३०० शॉर्ट मॅग्नमपेक्षा लहान असल्यामुळे ते चुकून मोठ्या चेंबरमध्ये शिरू शकते, आणि तसे झाडले गेले तर कवच फाटून तप्त वायू झाडणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. म्हणून माझ्या सरावाच्या रायफलीचा दस्ता हिरवा आहे आणि शिकारीच्या रायफलीचा तपकिरी. बोल्टच्या मुठीवर निराळ्या रंगाची पट्टी आहे. दोन्ही काडतुसे घरात वेगळ्या कुलपात असतात. मैदानात एकीचे काम संपून तिची काडतुसे गाडीत बंद झाल्याशिवाय दुसरी रायफल मी बाहेर काढत नाही. दुर्बिणींचेही तसेच. दोन्ही १०० यार्डांवर साधलेल्या असल्या तरी ५०० यार्डांसाठी मॅग्नमला अडीच मिलच्या (मिल हे कोनाचे माप) आसपास आणि .३०८ला साडेतीन मिलच्या पुढे चकती फिरवावी लागते. प्रत्येक रायफलीचा तक्ता तिच्याच दस्त्यावर चिकटवलेला आहे, आणि तो डोंगरातल्या विरळ हवेसाठी स्वतंत्रपणे पडताळलेला आहे.

खर्चाचे विचाराल तर तो मोठा आहे आणि मी तो काही वर्षांत, टप्प्याटप्प्याने केला. त्यातला एक भाग मला खटकत नाही. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के अबकारी कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. कायद्याने एल्कचे खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा कोलोरॅडोत गुन्हा आहे. आमच्या घरी ते वर्षभर शिजते.

ज्यांचा पैसा एकाच रायफलीपुरता आहे त्यांना मी मॅग्नम घ्या असे कधीच सांगत नाही. दुकानात मिळणारी साधी .३०८ घ्यावी, दस्ता आपल्या अंगाला बसवून घ्यावा, उरलेल्या पैशांची काडतुसे घ्यावीत आणि ती उन्हाळाभर वाऱ्यात झाडावीत. योग्य गोळी वापरली तर ३०० यार्डांपर्यंत ही रायफल एल्कला पुरेशी आहे. त्यापुढे दिसलेला एल्क त्या वर्षी जाऊ द्यावा.