कान्हेरीच्या भिंतीतले दगड

गेल्या रविवारी सासूबाईंना कान्हेरीची बौद्ध लेणी बघायला नेलं. पस्तीस वर्षं बोरिवलीत राहून त्या तिथे कधी गेल्या नव्हत्या. तीन नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यातल्या दोन उंच बुद्धमूर्तींना नमस्कार करून झाला, मग त्या कडेला टेकल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, ह्याचा पाटा नाही व्हायचा. चटणीत खडे येतील."

मला इतका आनंद झाला! भूशास्त्रात पदवी घेऊन मी बँकेत नोकरी केली. कान्हेरीला कुणालाही नेलं की मूर्तींवरची नजर जरा दगडाकडे वळावी म्हणून माझी धडपड चालते. सासूबाईंना ते सांगावंच लागलं नाही. दारात टाकीवाली आली की शेजारी बसून पाट्याला टाकी लावून घेणाऱ्या त्या, दगड ओळखणारच.

पाट्याचा दगड म्हणजे काळा पाषाण, वाहत येऊन निवलेल्या लाव्ह्याचा, एकजीव. सह्याद्री बहुतेक त्याचाच. कान्हेरीचा दगड मात्र ब्रेशिया. राखेच्या गाऱ्यात तुकडे थापावेत आणि सगळंच घट्ट व्हावं, तसा. त्यांचं बोट धरून मी एका सुपारीएवढ्या काळ्या तुकड्याच्या कडेवरून फिरवलं. कोपरा अजून टोचतो. नदीतून गडगडत आला असता तर त्याचा गोटा झाला असता.

"मग आला कुठून?"

स्फोटातून. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या ज्वालामुखीच्या अखेरच्या काळात, मुंबईच्या बाजूला काही उद्रेक वाहण्याऐवजी फुटले. लाव्हा दाट असला की आतला वायू सुटत नाही. शिट्टीत भात अडकलेल्या कुकरसारखा दाब वाढतो. त्यात पाण्याशी गाठ पडली तर आणखीच. वरचा खडक फुटतो, तुकडे राखेसकट येऊन पडतात. मुंबईच्या किनाऱ्यावर मढ-उत्तनकडे त्या दाट लाव्ह्याचा खडक, रायोलाइट, आजही दिसतो.

त्याच थरात भिक्षूंनी पुढे हजारभर वर्षं शंभरावर लेणी कोरली. पाण्याची टाकी खोदली, शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय.

निघताना सासूबाई भिंतीतल्या एका खळग्यापाशी थांबल्या. तुकडा निखळून गेलेला, आत त्याच्या कोपऱ्यांचा ठसा तसाच. त्यांनी अंगठा घालून पाहिला.

"आमच्या अंधेरीच्या महाकालीच्या लेण्यांचा दगडही असाच का गं?"

हो, तोही ब्रेशियाच. येत्या रविवारी तिकडे चाललोय.