शर्मिष्ठेचा छत्तीसचा आकडा

कोजागरीच्या रात्री आमच्या इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांचे लक्ष चंद्राकडे आणि त्याहून अधिक आटत्या दुधाकडे असते, तेव्हा मी बहुधा उत्तरेच्या कठड्याला टेकून उभा असतो. पौर्णिमेच्या उजेडात तारे पाहणे शहाणपणाचे नाही हे मला मान्य आहे. पण शर्मिष्ठा या तारकासमूहाचे पाच मुख्य तारे दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे, म्हणजे बऱ्यापैकी तेजस्वी, असल्यामुळे चंद्राला फारसे बधत नाहीत. साडेसातच्या सुमारास ईशान्येच्या बाजूला ते किंचित कललेल्या देवनागरी ३ सारखे दिसतात, अकरानंतर ध्रुवाच्या माथ्यावर येऊन इंग्रजी एम होतात आणि पहाटे पाचला वायव्येकडे उतरताना त्यांचाच ६ झालेला असतो. आधी तीन, मग सहा.

ज्याला महाभारतातली कथा ठाऊक आहे त्याला या छत्तीसच्या आकड्याचे नवल वाटणार नाही. जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल झाली, त्यावरून शब्दाने शब्द वाढला आणि वृषपर्व्याच्या या लेकीने शुक्राचार्यांच्या देवयानीला विहिरीत ढकलले. पुढे ययाती राजाने देवयानीला हात देऊन बाहेर काढले, तिच्याशी लग्न केले आणि शर्मिष्ठा दासी होऊन तिच्याबरोबर सासरी गेली; नंतर ययातीने तिच्याशीही गुपचूप संसार थाटला. ग्रीकांच्या आकाशात याच जागी राणी कॅसिओपिया आणि तिची मुलगी अँड्रोमेडा आहेत. मायलेकींच्या ठिकाणी सवती बसवणाऱ्या मराठी नामकरणाला मी मनातल्या मनात नेहमी दाद देतो, कारण वृषपर्वा आणि ययातीही शेजारीच आहेत, म्हणजे अख्खे कुटुंब एका नजरेत मावते.

लहानपणी माझ्या हाती आलेल्या परदेशी नकाशात हा तारकासमूह डब्ल्यूसारखा काढलेला होता आणि मी तो डब्ल्यू कितीतरी दिवस व्यर्थ शोधला. लंडनहून शर्मिष्ठा कधीच मावळत नाही, त्यामुळे ती ध्रुवाच्या खाली आली की तिकडे सरळ डब्ल्यू दिसतो. पुण्यात मात्र ध्रुव जेमतेम साडेअठरा अंश उंच असल्याने तेवढ्या वेळापुरती ती क्षितिजाखाली जाते. आपल्या वाट्याला एम येतो, आणि आपले दोन आकडे. सप्तर्षी दिसत नाहीत अशा हिवाळ्याच्या संध्याकाळी ध्रुव शोधायला हीच उपयोगी पडते.

एमचा मधला तारा मोठा लहरी आहे. त्याची तेजस्विता अनियमितपणे बदलते. १९३७ साली तो इतका उजळला होता की या समूहात सर्वांत ठळक ठरला. पण या भागातला सर्वांत मोठा पाहुणा आला तो १५७२ च्या नोव्हेंबरमध्ये. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहीला एका संध्याकाळी इथे शुक्राइतका तेजस्वी, पूर्वी कधी न पाहिलेला तारा दिसला, तेव्हा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न बसून त्याने बरोबरच्या नोकरांना आणि वाटेवरच्या लोकांना तो दिसतो का, असे विचारले. आपण भर गर्दीत कुणाला तरी ‘तुम्हालाही दिसतंय ना?’ असे विचारतो, तशातलाच हा प्रकार. तो तारा दिवसाही दिसत असे आणि १५७४ पर्यंत मंद होत होत नाहीसा झाला. तो चंद्राच्या पलीकडचा असल्याचे टायकोने मोजून दाखवल्यावर, आकाश अढळ आहे या समजुतीला तडा गेला.

काळोख हवा असेल तर वांगणीसारख्या ठिकाणी अमावास्येला जावे. तिथे एमचे डावीकडचे, अधिक टोकदार शिखर बाणासारखे धरून वर, हात लांब करून मोजलेल्या दीड मुठीइतके अंतर गेले की देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी सापडतो. इतके भांडण होऊनही देवयानीचा पत्ता शर्मिष्ठाच सांगते. ययातीच्या बाजूला सरकले की जोड तारकागुच्छ लागतो, आणि तो द्विनेत्रीतून पाहिल्यावर खाली ठेवायचे मन होत नाही.

गेल्या कोजागरीला मात्र मी हट्टाने छोटी दुर्बीण वर नेली आणि ती शर्मिष्ठेतल्या घुबड तारकागुच्छावर लावली. चांदण्यामुळे पंख पुसट झाले होते, पण दोन डोळे स्पष्ट होते, एक ठळक आणि एक त्याहून मंद. तळमजल्यावरच्या आजी मसाला दुधाचा पेला सांभाळत आल्या, डोळा लावला आणि घुबड म्हटल्याबरोबर दचकून मागे सरल्या. मग थोडा विचार करून पुन्हा वाकल्या आणि म्हणाल्या, “बरंच झालं की रे. लक्ष्मी ‘कोण जागं आहे’ म्हणून विचारत खाली उतरली असणार, तिचं वाहन वर ठेवून.”