गोगँ कुठे पुरलाय माहितीये?

मला इतकी वर्षं वाटायचं की फ्रेंच चित्रकार पॉल गोगँचं थडगं पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावरच असणार. नाहीये! तिथून साधारण 1400 किलोमीटर लांब, मार्केसस बेटांमधल्या हिवा ओआवर, आतुओना गावात आहे आणि तेही चक्क कॅथलिक दफनभूमीत, ज्या चर्चशी तो मरेपर्यंत भांडला त्यांच्याच.

ती गोष्टच भारी आहे. पॅरिसचा शेअर ब्रोकर, 1882 मध्ये मार्केट कोसळलं, मग नोकरी सुटली, डॅनिश बायको आणि पाच मुलं मागे ठेवून साहेब 1891 मध्ये ताहितीला गेले, का तर तिथे अजून सगळं अस्सल, रानटी असेल म्हणून. बघतो तर काय, फ्रेंच ऑफिसं आणि मिशनऱ्यांनी दिलेले गळाबंद झगे घातलेल्या बायका. मग जे दिसलं नाही ते त्याने मनानेच रंगवलं, आणि रंग काय ते, बाबा रे!

1901 मध्ये तो हिवा ओआला आला. जागा मिशनची, म्हणून हा गडी नेमाने चर्चला जायला लागला आणि एकदाची जमीन हातात पडल्यावर चर्चला जाणं बंद. घराला नाव दिलं 'उपभोगाचं घर', दाराभोवती कोरलेल्या नागड्या बायका (त्या लाकडी फळ्या आता पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहेत). बिशप चिडले तर त्यांचा शिंगंवाला लाकडी पुतळा करून घरासमोर ठेवला, नाव काय तर 'रंगेल फादर'.

इथपर्यंत मला हसू येतं. पण त्याच घरात त्याने मिशनच्या शाळेतून काढून आणलेली 14 वर्षांची वाएओहो होती, आणि हा पन्नाशी उलटलेला, आजारी. चित्रं कितीही आवडली तरी हे गिळवत नाही, आणि 'तो काळच तसा होता' हे मला पटत नाही कारण बिशपला तेव्हाही ते खटकतच होतं की.

8 मे 1903 ला गेला, 54 वर्षांचा. पोलिसांची बदनामी केली म्हणून तीन महिन्यांची कैद झालेली, ती भोगायची राहिलीच. शेजारी तिओकाने तिथल्या रीतीप्रमाणे त्याचं डोकं चावून पाहिलं, जीव परत येतो का म्हणून. दुसऱ्या दिवशी चर्चने पुरून टाकलं.

थडग्यावर 1973 पासून त्याच्याच 'ओविरी' या पुतळ्याची ब्राँझ प्रत उभी आहे, ओविरी म्हणजे रानटी. कॅथलिक दफनभूमीत ही नागडी बाई, आणि वर सावलीला चाफा, आपल्याकडे देवळापाशी असतो तोच.