रेवस–रेडी, तुकडा तिसरा: बागमांडला ते मालगुंड

रेवस–रेडी म्हणजे कोकणच्या किनाऱ्याने रेवसपासून रेडीपर्यंत जाणारा सागरी मार्ग, तो मी सायकलने तुकड्यातुकड्यांत करतेय. मागच्या नोंदीत आगरदांडा–दिघी फेरीबोट, दिवेआगर, आरावी, श्रीवर्धन असं करत हरिहरेश्वरला थांबले होते. त्यानंतर सुट्टी जुळायला वर्ष गेलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवार ते गुरुवार, मैत्रीण आणि मी पुढचा तुकडा केला. भाऊजींनी गाडीच्या कॅरिअरवर सायकली लावून आम्हाला बागमांडल्याच्या धक्क्यावर सोडलं. वार मुद्दाम आठवड्यातले निवडले होते. शनिवार-रविवारी हाच रस्ता पर्यटकांच्या गाड्यांचा असतो, आणि शिमगा नाहीतर गणपतीत चाकरमानी आले की वाडीतल्या रस्त्यावरसुद्धा सायकलला जागा उरत नाही.

यावेळी एक नवी पद्धत वापरली. देवळाबाहेरच्या दुकानात बोटात घालायचा जपाचा काउंटर मिळतो, तो हँडलला बांधला. मागून एक गाडी ओलांडून गेली की एक टिचकी. समोरून येणाऱ्या मोजल्या नाहीत, कारण मला त्रास मागून येणाऱ्यांचाच होतो. ‘हा रस्ता शांत आहे’ असं आपण सगळेच एकमेकांना सांगतो, पण सकाळी सातला शांत असलेला रस्ता अकराला तसाच राहतो का, हे कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून तासागणिक आकडा वहीत टिपला.

बागमांडला ते वेसवी सावित्रीची खाडी. पलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. पहिली जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, धरली. सायकली कडेच्या कठड्याला टेकवल्या, पण बोटीवरचा मुलगा लगेच आला. “ताई, तिथे नको, ट्रक मागे घेतील तेव्हा अडकेल. इथे दोराला बांधा.” त्याने स्वतःच दोन्ही सायकली एकमेकींना उलट्या तोंडाने लावल्या, म्हणजे पॅनिअर (कॅरिअरला अडकवलेल्या सामानाच्या पिशव्या) पॅनिअरला घासत नाहीत. ही मांडणी पुढच्या दोन्ही बोटींवरही वापरली.

वेसवीला उतरताना घाई केली नाही. बोटीतल्या सगळ्या गाड्या, मोटारसायकली, एक टेम्पो पुढे जाऊ दिला, धक्क्यावर पाणी प्यायलो, दहा मिनिटं थांबलो. नंतरचा रस्ता, धक्क्याला पुढची बोट लागेपर्यंत, जवळजवळ आमचाच होता. खाडीकाठच्या रस्त्यावर वाहतूक लाटेसारखी येते. बोट लागली की एकदम आठ-दहा गाड्या, मग सामसूम. लाट पुढे जाऊ द्यायची आणि आपण तिच्या मागून निघायचं. सहा वर्षं कोकणात सायकल चालवतेय, पण हे इतकं सरळ आधी लक्षात आलं नव्हतं.

खरं तर हा अख्खा मार्ग शांत आहे तो खाड्यांमुळेच. ज्याला लांब जायचंय तो बोटीची वाट बघत बसत नाही. सावित्री ओलांडायला त्याच्याकडे आत आंबेत–म्हाप्रळचा पूल आहे, शास्त्री नदीला राई–भातगावचा. दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा आहे. त्यामुळे ट्रक आणि लांबच्या गाड्या मुंबई–गोवा महामार्गावर राहतात, आणि किनाऱ्याच्या रस्त्याला गावातलीच माणसं, एसटी आणि आपण.

बाणकोटचा किल्ला डावीकडे वर ठेवून वेळासला गेलो. कासवांची पिल्लं बाहेर पडायचे दिवस अजून लांब होते, त्यामुळे गाव निवांत होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कासव महोत्सव सुरू झाला की घरगुती राहण्याच्या जागा भरून जातात. कासवंच बघायची असतील तर तेव्हा जा, पण सायकलसाठी त्याआधी. वेळासहून केळशी किनाऱ्याने जवळ दिसते, पण मध्ये भारजा नदीची खाडी आहे. आम्ही आत मांदिवलीच्या पुलावरून वळसा घातला. या टप्प्यात पावणेदोन तासांत काउंटरवर १४ पडले, त्यातल्या दोन एसटी. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मागे आंब्याची कलमं, आणि मोहोराचा इतका वास की चढावर तोंडाने श्वास घेतानाही तो जिभेवर जाणवत होता.

दिवसाचे ४६ किमी. आकडा लहान वाटेल, पण कोकणात किलोमीटरवर जाऊ नका. खाडीच्या पातळीवरून सड्यावर (वरच्या कातळी पठारावर), सड्यावरून परत वाडीत, असं दिवसभर चालतं. एकेक चढ शंभर-दीडशे मीटर उंचीचा असतो, मात्र अंगावर येतो. माझ्याकडे पुढे ४६ आणि ३० दात्यांची चाकं आणि मागे ११ ते ३४ दात्यांची आहेत. सगळ्यात हलक्या ३०/३४ वर ताशी सहाच्या वेगाने, ११ किलो सामान घेऊन, एकही चढ उतरून ढकलावा लागला नाही. मैत्रिणीच्या सायकलला मागचं सगळ्यात मोठं चाक २८ दात्यांचं आहे, तिचे गुडघे दुसऱ्या संध्याकाळी बोलायला लागले. सामान घेऊन इथे येणाऱ्यांनी मागे ३४ दात्यांचं तरी घ्यावं.

केळशीत वाळूची ती प्रसिद्ध टेकडी आणि याकूबबाबांचा दर्गा बघून झोपलो. दुसऱ्या दिवशी सहाला निघालो. गावात वस्तीला असलेली एसटी पहाटे सुटते. रात्रीच विचारून ठेवायचं आणि ती गेल्यावर पाच मिनिटांनी निघायचं. केळशी, आडे, पाडले, आंजर्ले हा या तुकड्यातला सगळ्यात सुंदर भाग. पहिल्या तासात काउंटरवर फक्त ५. आडे-पाडल्याजवळ रस्ता काही ठिकाणी समुद्राच्या इतका जवळ आहे की भरतीच्या पाण्याचा आवाज टायरच्या आवाजावर चढतो. आंजर्ल्याच्या अलीकडे एक आजी डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन चालल्या होत्या. मी कडेने हळू जाताना त्यांनी न वळताच विचारलं, “घंटा नाय गो तुझ्या गाडीला?” घंटा आहे, पण माणूस दचकू नये म्हणून वाजवली नव्हती, असं सांगितलं. “वाजव, वाजव. मोटरवाले वाजवतात नि तू का नाय?” त्यानंतर प्रत्येक वाडीत वाजवली. लोक दचकत नाहीत, उलट हात करतात.

आंजर्ल्याचा पूल ओलांडून हर्णैला आलो की चित्र बदलतं. हर्णै, मुरुड, कर्दे या पट्ट्यात हॉटेलं आहेत, मासळीचे टेम्पो आहेत. तासाला ६४. हा भाग सकाळी नऊच्या आत काढायला हवा होता, आम्ही सुवर्णदुर्ग बघत रेंगाळलो. लाडघर उतरल्यावर पुन्हा शांतता मिळाली. बुरोंडी ते कोळथरेच्या उतारावर मात्र माझं मागचं टायर फाटलं. रस्त्यावर सांडलेल्या जांभ्याच्या कपरीने कडेला पाऊण इंचाचा काप गेला होता. ट्यूब बदलली तर नवी ट्यूब त्या कापातून बाहेर फुगणार. जवळ जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा ठेवते, तो आतून कापावर बसवला, हवा ४५ ऐवजी ३५ पीएसआय ठेवली. त्यावर पुढचे शंभरेक किलोमीटर निघाले. हा तुकडा कापताना त्याच्या कडा ब्लेडने तासून पातळ कराव्या लागतात, नाहीतर तीच कड ट्यूबला घासून नवं पंक्चर करते. मी मागच्या वर्षी ते शिकले.

या भागात चिऱ्यांच्या खाणी आहेत. चिरे भरलेला ट्रक उतारावर मागून आला की सरळ बाजूला उभं राहायचं. चालक वाईट नसतात, पण भरलेल्या ट्रकचे ब्रेक आपल्या अंदाजाने लागत नाहीत.

दाभोळ–धोपावे बोट दुपारी चारची मिळाली. वाशिष्ठीचं पात्र इथे चांगलं रुंद आहे, पण पलीकडे पोचायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पलीकडे वीज प्रकल्पाच्या आसपास रस्ता रुंद होतो आणि गाड्या वेग धरतात. तो भाग न रेंगाळता पार केला आणि अंधाराआधी गुहागरला पोचलो. ७८ किमी, चढ साधारण १३०० मीटर.

तिसऱ्या दिवशी पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. हेदवीला बामणघळीपाशी थांबलो, भरती नव्हती म्हणून पाणी उसळत नव्हतं, नुसतंच खडकात घुमत होतं. हेदवीनंतर तवसाळपर्यंत जो सडा आहे तिथे एका तासात ३ गाड्या. तीन! मी दोनदा काउंटर हलवून बघितला. पिवळं गवत, काळे-तांबडे कातळ, एक घार आणि खाली शास्त्रीची खाडी. तिथे आम्ही दोघी शेजारी शेजारी सायकल चालवत गप्पा मारत गेलो, आणि ठाण्यात राहणाऱ्या मला अशा गप्पा मारल्याला किती वर्षं झाली होती ते आठवेना.

तवसाळहून जयगडला बोटीने उतरलो आणि बंदराचे ट्रक भेटले. जयगडहून निवळीला महामार्गाकडे जाणारा रस्ता त्यांचाच आहे. दहा मिनिटांत २२ झाल्यावर मी मोजणं थांबवलं. नांदिवड्याच्या बाजूने किनारा धरला आणि संध्याकाळी मालगुंडला पोचलो. ६१ किमी. केशवसुतांचं घर सकाळी बघितलं, मग गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरी, आणि रात्रीच्या बसने घरी. बसच्या डिकीत सायकल आडवी पडून गिअरचा हँगर, म्हणजे मागचा डिरेलर (चेन गिअरवर हलवणारा भाग) जिथे बसतो तो तुकडा, वाकला. यापुढे मागचा डिरेलर काढून चेनसकट फ्रेमला बांधूनच ठेवणार.

बोटीवर प्रत्येक ठिकाणी पुलाचा विषय निघाला. रेवस–रेडी मार्गाचं नाव अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८०–८२ पासून, ऐकू येतंय, आणि आता सागरी महामार्गाच्या आराखड्यात या खाड्यांवरचे मोठे पूल आहेत. वेसवीच्या धक्क्यावर एक काका म्हणाले, “रात्री बाईला कळा लागल्या तर काय बोटीची वाट बघायची?” त्यांना उत्तर नाही, आणि देऊही नये. पूल व्हायला हवेत. पण पूल झाले की हा मार्ग आज आहे तसा राहणार नाही, हेही मला स्पष्ट दिसतं. ज्यांना करायचाय त्यांनी फार वर्षं पुढे ढकलू नये.

पुढचा तुकडा अवघड आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्ये, पूर्णगड, जैतापूर इथे आधीच पूल आहेत, म्हणजे बोटींचा आडोसा नाही. तेरेखोलच्या खाडीपर्यंत शांत रस्ता वाडीवाडीतून शोधावा लागेल. नकाशावर पूर्णगड ते आंबोळगड एक बारीक रेघ दिसते. तिच्यावरून सामान घेऊन कोणी गेलं असेल तर डांबर कुठे संपतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर विहिरीला पाणी कुठे असतं, एवढं सांगा.