मुंबईच्या हवेत ॲनोडायझिंग: मार्करचे पार्ट घरीच रंगवले

माझा पेंटबॉल मार्कर, म्हणजे त्या खेळातली रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक, सेकंडहँड. चालायला ठणठणीत, दिसायला भिकार. ट्रिगर फ्रेमचा काळा रंग कडांना घासून पांढरा पडलेला, गोळ्या आत उतरतात त्या नळीवर, फीडनेकवर, ओरखडे. स्प्रे पेंट मारून उपयोग नसतो, मैदानात गुडघ्यावर सरपटलं की तो निघतोच. ॲनोडायझिंगची गोष्ट वेगळी. त्यात पार्ट ॲसिडात बुडवून वीज सोडली की ॲल्युमिनियमचाच वरचा थर ऑक्साइड होतो आणि त्याच्या अतिबारीक छिद्रांत रंग मुरतो. अंधेरी-वसईच्या गाळ्यांत हे काम रोज चालतं, पण तिथे खिडक्यांच्या सेक्शनचे गठ्ठे येतात. माझ्या चिल्लर पार्टांसाठी कोण थांबणार, आणि 'थ्रेड झाकून घ्या' हे तरी कोण ऐकणार? म्हणून घरीच करायचं ठरवलं.

कशाला हात लावायचा नाही, ते आधी पक्कं केलं. मेन बॉडी वगळली. तिच्या आतल्या पोकळीत, बोअरमध्ये, गोळी ढकलणारा बोल्ट पळतो, गॅस अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगा घासतात. जुना थर कॉस्टिक सोड्याने उतरवताना थोडा धातूही जातो, आणि तिथलं माप सैल झालं की गॅस गळणार. दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि हवेची बाटली यांचा तर प्रश्नच नाही. ३००० पीएसआय (चौरस इंचाला ३००० पौंड) दाब धरणाऱ्या वस्तूवर शोभेसाठी प्रयोग करू नयेत. डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेले, पार्टही सोडून द्यावेत, त्यातल्या सिलिकॉनमुळे रंग मळकट येतो. उरली मशीन केलेली फ्रेम, ट्रिगर आणि फीडनेक. त्यांतली प्रत्येक स्टीलची पिन, स्प्रिंग, स्क्रू काढून घेतला. स्टील ॲसिडात विरघळतं आणि करंटही खातं.

ॲसिड गाडीच्या बॅटरीचं घेतलं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने किरकोळ विक्रीवर बंधनं आणल्यापासून ॲसिड घेताना ओळखपत्र आणि कारण दोन्ही विचारतात. "बॅटरीत टाकायचंय ना?" असं विचारणाऱ्या दुकानदार काकांना मी सगळा प्रकार सांगितला. त्यांनी झेरॉक्स ठेवून घेतली, नोंद केली आणि म्हणाले, "घरात लहान मुलं असतील तर कॅन वर ठेवा." बॅटरीचं ॲसिड साधारण एक तृतीयांश तीव्रतेचं असतं. एक लिटरला दीड लिटर डिस्टिल्ड वॉटर घेतलं की ते १५-१६ टक्क्यांवर येतं, आपल्याला तेवढंच लागतं. टबात आधी पाणी, मग ॲसिड, हा क्रम कधीही उलटवायचा नाही. मिसळताना द्रावण तापतं, म्हणून हे आदल्या रात्रीच उरकलं. पॉवर सप्लाय लॅमिंग्टन रोडवरून आणला. करंट स्थिर ठेवता येणारा घ्या, मोबाइलचे चार्जर जोडत बसू नका.

जागेचा प्रश्न मुंबईत सगळ्यात नाजूक. बाल्कनीत केलं असतं तर ॲसिडचे बारीक तुषार खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर गेले असते आणि साड्यांची चाळणी झाली असती. शिवाय कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकाला, हायड्रोजन सुटतो, म्हणजे बंद खोलीही बाद. सेक्रेटरींची परवानगी काढून गच्ची मिळवली. आईने मात्र स्वयंपाकघरातलं एकही पातेलं द्यायला साफ नकार दिला. बरोबरच होतं. सीलिंगसाठी, म्हणजे रंगानंतर छिद्रं मिटवायला, भंगारवाल्याकडून स्टीलचं पातेलं आणलं.

आता खरी अडचण. माहितीत सगळीकडे द्रावण २० ते २२ अंशांवर ठेवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणीच त्याच्या कितीतरी वर असतं, त्यात करंटने टब आणखी तापतो. द्रावण गरम झालं की ॲसिड नवा थर जमतानाच खात सुटतं. थर मऊ, भुकटीसारखा होतो आणि बोटाने पुसला तरी रंग हाताला लागतो. माझ्या मते मुंबईत या कामाचं अर्धं यश विजेत नसून बर्फात आहे. म्हणून मी जानेवारीतली पहाट निवडली, टब मोठ्या घमेल्यात ठेवला आणि घमेल्यात बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या फिरवत राहिलो. बर्फ थेट द्रावणात टाकायचा नाही, ॲसिड पातळ होतं. करंटही कारखान्यांच्या निम्म्याने ठेवला, दर चौरस डेसिमीटरला सुमारे ०.६५ ॲम्पियर. वेळ जास्त लागतो, दीड तास धरा, पण उष्णता आटोक्यात राहते.

त्याआधीची तयारी कंटाळवाणी, पण तिला पर्याय नाही. ॲनोडायझिंग ओरखडे लपवत नाही, उलट उठून दिसतात. म्हणून कॉस्टिकने जुना रंग उतरवून पॉलिश पेपर ३२० पासून ८०० पर्यंत घासला. मग भांड्यांच्या लिक्विडने धुतलं. पाणी सलग पसरलं तर तेलकटपणा गेला, थेंब बांधले तर परत धुवायचं. कॉस्टिकनंतर जी काळी काजळी राहते ती उतरवायचं तयार द्रावण प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळालं. पार्ट टांगायला ॲल्युमिनियमचीच तार घेतली आणि ती भोकात घट्ट अडकवली. तांब्याची चालत नाही. कनेक्शन तुटलं की व्होल्टेज एकदम वर उडी मारतं, म्हणून मीटरवरची नजर हटू द्यायची नाही.

पार्ट निघाले तेव्हा फिकट राखाडी होते. मल्टिमीटर लावला, करंट जात नव्हता, म्हणजे थर बसला होता. गार डिस्टिल्ड वॉटरने धुऊन ते न वाळवता थेट निळ्या रंगात सोडले. रंग ५५ अंशांच्या आसपास ठेवायचा, फार गरम झाला तर छिद्रं आत्ताच मिटू लागतात. पंधरा मिनिटांत मोरपंखी छटा आली. मग उकळत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास सील.

फीडनेक फ्रेमपेक्षा अंमळ फिकट आला. एकाच टबात असले तरी मिश्रधातू वेगळा असला की छटा बदलते. ते तसंच ठेवलं, जुळवाजुळवीच्या नादात पुन्हा स्ट्रिप करणं म्हणजे धातू वाया घालवणं. पिनांची भोकं मात्र थराने किंचित घट्ट झाली होती. तिथे ड्रिल बिट हातानेच फिरवला, मशीन लावलं नाही. धुण्याचं आंबट पाणी खाण्याचा सोडा टाकून, फेस थांबेपर्यंत, शांत केलं आणि मगच मोरीत सोडलं. टबातलं ॲसिड पुन्हा वापरता येतं. ते लेबल लावलेल्या कॅनमध्ये भरून कुलूपबंद कपाटात ठेवलं आहे. एका मित्राने त्याची फ्रेम लाल हवी म्हणून आत्ताच सांगून ठेवलंय. त्याला म्हटलं, थंडीपर्यंत थांब, आणि बर्फ तू आण.