शोधनिबंधाचे पहिले पान

स्थाननिश्चितीचा, म्हणजे अध्यापकाच्या पदोन्नतीचा, माझा पहिला प्रस्ताव तयार करताना मला सांगण्यात आले होते की, प्रत्येक शोधनिबंधासोबत नियतकालिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि निबंधाचे पहिले पान एवढ्याच्याच झेरॉक्स प्रती जोडायच्या. उरलेली पाने समितीला पाहायची असतील तर काय करायचे, असे मी विचारले. फाईल लावून देणारे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “मॅडम, ती कोणी मागत नाही.” त्यांचे म्हणणे खरे ठरले. पुढच्या काळात माझ्या एकाही निबंधाचे दुसरे पान कोणत्याही समितीने उघडले नाही. आपल्या संशोधनव्यवहारात जे बिघडले आहे त्याचा विचार करताना मला आजही ते वाक्य आठवते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली एपीआय (शैक्षणिक कामगिरी निर्देशांक) गुणांची पद्धत आणली आणि अध्यापकाची पदोन्नती अंकांत मोजली जाऊ लागली. २०१८ च्या विनियमांनी पद्धत बदलली, तरी गुणतक्ता राहिलाच. त्या तक्त्यानुसार भाषा आणि मानव्यविद्या शाखांत मान्य नियतकालिकातील एका शोधनिबंधाला १० गुण मिळतात. संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादाला ८ गुण आहेत, आणि राष्ट्रीय पातळीवरील प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाच्या संपादनालाही ८ च. आमच्या विभागातील एका सहकाऱ्याने सहा वर्षे एका महानुभाव पोथीवर घालवली. त्यासाठी ते महानुभाव पंथाची सांकेतिक सकळ लिपी शिकले, तीन प्रतींचे पाठभेद त्यांनी ओळीओळीने नोंदवले, शब्दकोश तयार केला आणि प्रदीर्घ प्रस्तावना लिहिली. हे काम छापून आले तर तक्त्याच्या हिशोबात ते सहा पानांच्या एका निबंधापेक्षा दोन गुणांनी कमी भरेल. ज्या मराठी भाषेतल्या संशोधनाचा पायाच जुन्या कागदपत्रांच्या आणि पोथ्यांच्या संपादनावर उभा आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून सिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या खंडांवर ज्या भाषेतल्या इतिहासलेखनाच्या पिढ्या वाढल्या, त्या भाषेच्या अध्यापकांना हा तक्ता नकळत सांगतो की असल्या कामात आयुष्य घालवू नका.

माणसे मग सोपी वाट धरतात, आणि त्या वाटेवर दुकाने लागतात. ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय’ नियतकालिकाच्या विशेषांकासाठी निबंध पाठवा, अमुक शुल्क भरा, प्रमाणपत्रासह प्रकाशन मिळवा, अशा मजकुराचे संदेश प्रत्येक प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲपवर येतात. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मीही अशा एका ठिकाणी पंधराशे रुपये भरले होते. रात्री निबंध पाठवला आणि सकाळी स्वीकृतीचे पत्र आले. अंक हाती आला तेव्हा माझ्या सगळ्या तळटीपा गळून पडलेल्या होत्या आणि दोन परिच्छेद एकमेकांत मिसळले होते. त्या निबंधाचे गुण मला मिळाले, आणि त्याची खंत आजही आहे. मात्र तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, वर्षातले काही महिने बिनपगारी राहणाऱ्या आणि तरीही मुलाखतीसाठी निबंधांची संख्या वाढवत राहावे लागणाऱ्या तरुण अध्यापकांना मी याबद्दल दोष देऊ शकत नाही.

यावर उपाय म्हणून याद्या आल्या. जानेवारी २०१७ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची प्रचंड यादी जाहीर केली. मे २०१८ मध्ये त्यातली ४,३०५ नावे काढून टाकावी लागली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की, विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत आलेल्या आणि नियतकालिकांच्या मोठ्या संदर्भसूचींत समावेश नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता आहे. म्हणजे वाईट नियतकालिकांची शिफारस विद्यापीठांकडूनच झाली होती, आणि ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. पुढे २०१९ मध्ये आयोगाची मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली आणि तिचे काम पुण्यातूनच चालले. तिने बराच कचरा बाहेर ठेवला हे मान्य केले पाहिजे. पण लवकरच यादीतल्या जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकांची नावे आणि आयएसएसएन (नियतकालिकाचे ओळख) क्रमांक चोरून हुबेहूब बनावट अंक निघू लागले, आणि ‘केअर लिस्टेड’ हे शब्दच जाहिरातीचे झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक निवडण्यासाठी केवळ मार्गदर्शक निकष सुचवले.

यादी गेल्यामुळे गोंधळ वाढेल, असे माझ्या अनेक सहकाऱ्यांना वाटते. त्यांची भीती निराधार नाही, कारण निकष लावून पाहण्याची जबाबदारी आता ज्या संस्थांवर आली आहे, त्यांतल्याच अनेकांनी पूर्वी आंधळ्या शिफारशी केल्या होत्या. तरीही मला ही संधी वाटते. यादी असली की समितीला निबंध वाचावा लागत नाही, यादीत नाव सापडले की काम संपते. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रकाशित करण्याची सक्ती २०२२ च्या विनियमांनी काढली, तेव्हाही असाच आक्षेप आला होता. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र सक्ती गेल्यावर त्यांचे लक्ष प्रबंधावर स्थिरावले.

निबंध वाचला जातो तेव्हा काय होते, हे मी एकदाच, पण नीट अनुभवले आहे. मराठीतल्या एका त्रैमासिकाकडे मी ओवीच्या छंदावरचा लेख पाठवला होता. संपादकांनी तो तीन वेळा परत केला. समासात पेन्सिलीने शंका होत्या, एका ठिकाणी मी उद्धृत केलेल्या ओवीचा पाठच चुकल्याचे दाखवले होते आणि शेवटचा निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा असल्याचे स्पष्ट लिहिले होते. लेख छापून यायला चौदा महिने लागले. हे परीक्षण करणाऱ्या गृहस्थांना मानधन नव्हते आणि त्या तासांची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नव्हती. सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी, ३० मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके उपलब्ध करून देण्याकरिता ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत. विज्ञान शाखांसाठी ही सोय मोलाची आहे. पण वर्गणीदारांच्या बळावर चालणाऱ्या देशी भाषांतल्या नियतकालिकांना एक पूर्णवेळ संपादकीय साहाय्यक मिळावा, अशी तरतूद कोणी का करत नाही, हा माझा प्रश्न आहे.

माझ्या मागण्या फार नाहीत. उमेदवाराने वीस निबंधांच्या पहिल्या पानांऐवजी स्वतः निवडलेले तीन निबंध पूर्ण द्यावेत, समितीने ते आठवडाभर आधी वाचावेत आणि मुलाखतीत त्यांवरच प्रश्न विचारावेत. परीक्षणाचे काम अध्यापकाच्या कार्यभारात धरले जावे. संहिता-संपादनाचे आणि अनुवादाचे गुण तक्त्यात निबंधाच्या वर न्यावेत.

तोवर आम्ही तालुक्यातल्या तीन महाविद्यालयांतले पाच जण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकत्र बसून एकमेकांचे अप्रकाशित लेखन वाचू लागलो आहोत. या वेळी त्या महानुभाव पोथीची प्रस्तावना घेतली आहे. ती चौसष्ट पानांची असल्यामुळे तिला दोन शनिवार लागतील.