वजनाचा रकाना

सगळ्यात आधी हे सांगते: लॅबच्या फॉर्मवर 'सॅम्पलचे वजन' असा रकाना दिसला, की भरण्याआधी तिथल्या ऑपरेटरला फोन करा. माझे एकोणीस दिवस त्या रकान्यात गेले.

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट होता टंगस्टन डायसल्फाइडच्या एका थरावर. जाडी एक नॅनोमीटरसुद्धा नाही. इतक्या पातळ थरात इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर राहिलेली रिकामी जागा) एकमेकांना घट्ट धरून असतात. ती जोडी म्हणजे एक्सायटॉन, आणि ती खोलीच्या तापमानालाही टिकते. हा थर समोरासमोरच्या दोन आरशांत ठेवून मधलं अंतर नेमकं जुळवलं, तर प्रकाश आणि एक्सायटॉन इतक्या झपाट्याने ऊर्जेची देवाणघेवाण करतात की त्यांना वेगळं काढता येत नाही. त्या मिश्रणाला पोलॅरिटॉन म्हणतात. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरात हे दाखवलं. मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

टेपने थर सोलणं, काचेवरच्या खालच्या आरशावर बसवणं नाशिकमध्येच झालं. वरचा आरसा बसवणं आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परततो त्याचा आलेख, बाहेरगावच्या लॅबमध्ये; त्यासाठी फॉर्म भरला. फॉर्म परत आला: वजन लिहिलेलं नाही. 'लागू नाही' लिहिलं. पुन्हा परत: मिलिग्रॅममध्ये लिहा. रात्री हिशोब मांडला. वीस बाय पंधरा मायक्रॉनचा तुकडा; एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले, तर त्यातले जेमतेम दीड भाग. तो आकडा टाकला तर फॉर्म शून्य धरायचा आणि पुढेच जायचा नाही.

इकडे धो धो पाऊस, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी. या थराला दमट हवा आणि उजेड, दोन्ही सोसत नाहीत. स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये ठेवला होता, तरी कडा काळवंडल्या असतील या धास्तीने झोप लागायची नाही.

शेवटी ऑपरेटरशी बोलले. "ताई, काचेसकट वजन लिहा ना." कॉलेजच्या तराजूवर 247 मिलिग्रॅम भरलं. दुपारी स्लॉट मिळाला!

थर नसलेल्या जागी आलेखात 615 नॅनोमीटरला एकच खळगा. थरावर आणलं, तर दोन: 605 आणि 626. कोन बदलला तसे ते सरकले, पण एकमेकांना ओलांडून गेले नाहीत. हीच पोलॅरिटॉनची खूण. मला रडू आलं.

आणि हो, काचेच्या कोपऱ्यावर डायमंड स्क्राइबरने (हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने) बाण कोरून न्या, सोबत मायक्रोस्कोपचा फोटो. नाहीतर स्लॉटचा अर्धा तास तुकडा शोधण्यातच जातो.